पुण्यस्मरणार्थ हजेरीयंत्र

बुधवार, ३१ जुलै २०२४, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी रुग्णालयाच्या अध्यक्षांचा दूरध्वनी आला.

"ताबडतोब या. तातडीची बैठक ठेवली. सिस्टर लोक नोकरी सोडून राहिल्या."

"हे मार्चपासून चालू आहे," मी म्हणालो.

"व्हय, पण आता तातडीचं झालं ना."

अमरावतीतील या धर्मादाय रुग्णालयाचा मी विश्वस्त आहे. याला विद्वत्ता, दातृत्व किंवा वशिला यांपैकी काहीही कारण नाही. मी अकोल्याजवळच्या वीजकेंद्रातून शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो, आणि जनरेटर बिघडल्यावर तंत्रज्ञ बोलावण्यापेक्षा विश्वस्त बोलावणे स्वस्त पडते हे मंडळाच्या वेळीच ध्यानात आले. तेव्हापासून मी कधी बैठकीत बसतो, कधी जनरेटरपाशी बसतो. जनरेटर निदान आवाज करतो तेव्हा काम करतो.

प्रश्न त्या दिवशी तातडीचा का झाला, ते आधी सांगतो. रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष आहे. त्यात पाच वॉर्मर आहेत, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वरून ऊब देणारे पाळणे. तिवसा, अंजनगाव सुर्जी, मोर्शी या बाजूंनी अशी बाळे येथे येतात. ती ठेवायची तर आठही प्रहर शिकलेली परिचारिका जवळ लागते. मार्चपासून निम्म्या परिचारिका निघून गेल्यानंतर या कक्षाचे काम खरोखर येणाऱ्या दोघीच उरल्या होत्या. एक अमरावतीच्या वेशीवरच्या फुलमळ्यातली, दुसरी अकोल्याच्या जुन्या शहरातली. दोघींनी एकाच दिवशी राजीनामे दिले होते आणि दोघींचा आज शेवटचा दिवस होता. बालरोगतज्ज्ञांनी मंडळाला कळवले होते की या दोघी गेल्या तर ते आज संध्याकाळनंतर कक्षात एकही बाळ ठेवणार नाहीत. हे कळवून महिना झाला होता. मंडळाने महिनाभर थांबून शेवटच्या सकाळी तातडी जाहीर केली. घाईने निर्णय घेतल्याचा आरोप आमच्यावर कोणी करू शकणार नाही.

रुग्णालयाच्या दारातच हजेरीयंत्र आहे. ते माणसाचा चेहरा पाहून वेळ नोंदवते. त्याच्याखाली पितळी पाटी आहे, आणि तीवर आमच्या एका विश्वस्तांच्या कैलासवासी वडिलांचे नाव व 'पुण्यस्मरणार्थ' हे शब्द आहेत. खत-बियाण्यांचे व्यापारी असलेल्या या विश्वस्तांनी मार्चमध्ये ते यंत्र दान दिले. त्यांच्या वडिलांना मी ओळखत होतो. हयातीत त्यांना कोठेही वेळेवर पोचलेले कोणी पाहिले नव्हते. मुलाने त्यांच्या नावे वेळेचे यंत्र लावले, यात पितृऋण फेडण्याचा काही निराळा प्रकार असावा. मे महिन्यात त्यांची पुण्यतिथी आली. चिरंजीवांनी पाटीला घसघशीत झेंडूचा हार घातला. तो यंत्राच्या डोळ्यावर आला, आणि दुपारपर्यंत सारे रुग्णालय गैरहजर ठरले. शस्त्रक्रिया करत असलेले डॉक्टरही त्या दिवशी आलेले नव्हते.

बैठकीत आम्ही चौघे होतो. कापसाची जिनिंग असलेले अध्यक्ष, यंत्राचे दाते, पुण्याहून आणलेले व्यवस्थापक, आणि मी. व्यवस्थापक तरुण, नीटनेटके आणि भिंतीवर चित्रे दाखवल्याशिवाय बोलू न शकणारे होते. त्यांनी पडद्यावर एक गोल दाखवला. त्यात सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन फाका होत्या.

"सर, आपण आता शंभर टक्के फेअर रोटेशन करतो. दर आठवड्याला प्रत्येकीची पाळी फिरते. कोणाला सवलत नाही, कोणावर अन्याय नाही. हजेरीयंत्रातलं सॉफ्टवेअर स्वतः तक्ता काढतं. माणसाचा हातच लागत नाही."

"आणि तरी जातात," मी म्हणालो.

"जाताना सगळ्याजणी 'घरगुती कारण' लिहितात, सर."

दाते म्हणाले, "सेवाभाव नाही राहिला आजकालच्या पोरींत. आमच्या बाबाच्या काळात..."

अध्यक्षांना वेगळे वाटत होते. "अरे, साऱ्या परदेशी जाऊन राहिल्या. आखाती देशांत, जर्मनीत. तिथच्या पगारापुढं आपून काय करणार?"

मी गेलेल्यांचा ठावठिकाणा विचारला. व्यवस्थापकांनी सांगितला. सर्वांत लांब गेलेली तिवस्याला गेली होती.

"त्या दोघींना कोणी विचारले का, की का जाता?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. हा मार्ग कोणाला सुचला नव्हता असे दिसले. अध्यक्ष म्हणाले, "तुमीच विचारा. तुमी सारी जिंदगी शिफ्टमंदीच काढली. तुमच्यासंगं बोलतीन त्या."

मी खाली गेलो.

बालकक्षाच्या मागे परिचारिकांची लहान खोली आहे. एक लोखंडी कपाट, एक बाक, खिडकीत वाळत घातलेला नॅपकिन. फुलमळ्यातली परिचारिका बाकावर बसून भाकरी खात होती. तिची सकाळपाळी होती आणि दहा मिनिटांची सुटी. अकोल्याची नळाखाली तोंड धूत होती. ती रात्रपाळी करून सकाळी आठला सुटली होती, आणि यंत्राने काढलेल्या तक्त्यानुसार तिला दुपारी दोनला पुन्हा हजर व्हायचे होते. बुधवारी तिची फाक बदलत होती.

"आपा, डोये तं मीट जराशीक," पहिली म्हणत होती.

"मीटले तं दोनले उठवीन कोन? तू? तू तं सोता उभ्यानं झोपतं आजकाल. काल सलाइनच्या स्टँडले 'सरका ना जरा' म्हनत होती."

"मले वाटलं मावशीबाई उभी हाय."

"मावशीबाई यवढी बारीक कधी झाली वो?"

मी दारात उभा होतो. दोघी सावरल्या. फुलवालीने भाकरी पदराआड घेतली. मी म्हणालो, खाणे चालू ठेवा. आणि प्रश्न विचारला.

अकोल्याची म्हणाली, "खरं सांगू का कागदावरचं सांगू?"

"कागदावरचे मी वाचले आहे."

"मंग ऐका. आमी दोघीनं इतकी वर्सं तक्ता कधी पाळलाच नाई. तवा आमी टिकलो. आता पाळून राहिलो, तं चाललो."

मी बाकाच्या टोकावर बसलो. जे कळले ते थोडक्यात असे. यंत्र येण्यापूर्वी पाळ्यांचा तक्ता जुन्या मेट्रनबाई काढत. त्या तो पेन्सिलीने काढत, आणि तक्त्याच्या फळीला दोऱ्याने खोडरबर बांधलेला असे. ज्यांना पाळी बदलायची त्यांनी आपसांत ठरवावे, खोडावे, लिहावे आणि खाली आद्याक्षर करावे. बाई वर्षानुवर्षे न चुकता फिरत्या पाळ्यांचा तक्ता काढत आल्या आणि परिचारिका तो न चुकता खोडत आल्या. अकोल्याची महिनाभर फक्त रात्रीच करी. सलग रात्री, सलग दिवसाची झोप, मग सलग सुट्या घेऊन अकोल्याला सासू आणि मुलीपाशी. फुलवाली फक्त दुपारपाळी करी, कारण पहाटे घरी फुले तोडायची असतात आणि बाजार सकाळी सुटतो. ज्यांची मुले शाळेत, त्या सकाळ घेत. मेट्रनबाई फेब्रुवारीअखेर निवृत्त झाल्या. मार्चमध्ये यंत्र आले. यंत्राला खोडरबर नव्हता.

"शरीर जनावरावानी असते, काकाजी," अकोल्याची म्हणाली. "त्याले एकडाव सांगतलं का दिवसा झोपाचं, तं ते ऐकते. पन हर हफ्त्याले नवी गोष्ट सांगतली, तं ते म्हन्ते, जा, मी कोनाचंच नाई ऐकत."

"आन सणवार?" फुलवाली म्हणाली. "माह्या घरी महालक्ष्म्या बसल्या का तीन दिवस ही माह्या पाळ्या करे. हिचे रोजे सरत आले का मी हिच्या करो. यंदा ईदच्या दिवशी ह्या बाईले यंत्रानं इथं ठेवलं, आन मले सुटी! मी काय करू ईदच्या सुटीचं? शीरखुर्मा बी हिनंच डब्यात आनला होता."

"तोबी तूच संपवला."

"मंग काय फेकू?"

मी विचारले, "अकोल्याला कोणते काम मिळाले आहे?"

तिने नॅपकिनला तोंड पुसले. "दवाखाना हाय एक लहानसा. दिवसाचं काम. पट्टी बांधाची, बीपी पाहाचं. बाळं नाईत तिथं." मग म्हणाली, "मी बाळांशिवाय दुसरं काम केलंच नाई, काकाजी. मले येतबी नसन आता."

"आणि पूर्वीसारख्या फक्त रात्री दिल्या तर?"

"आज दिल्या तं आज राहतो. मले हौस नाई जाची."

फुलवाली म्हणाली, "आपा राहिली तं मी राहतो. मले फकस्त दुपार द्या. पन तोंडी नको. यंत्र तोंडी आयकत नाई."

"किती वाजेपर्यंत सांगावे लागेल?"

"पाचपर्यंत," अकोल्याची म्हणाली. "साडेपाचची गाडी पकडाची हाय मले, आज आखरीचा दिवस म्हनून पाचले सोडून राहिले. उद्या सकाळी तिकडं हजर व्हा लागते. एकडाव तिकडं जबान दिली का मंग मी फिरनार नाई."

मी उठलो. वीजकेंद्रात आमच्याही पाळ्या फिरत असत. माझ्या मुलीचे बालपण मी बहुतेक ती झोपलेली असताना पाहिले. तिथे मात्र फिरत्या पाळीला कोणी न्याय म्हणत नसे. नाइलाज म्हणत. तो शब्द अधिक सभ्य होता.

वर येताना बालरोगतज्ज्ञ जिन्यात भेटले. त्यांना दोघींची अट सांगितली. ते म्हणाले, "मला पाळ्यांशी कर्तव्य नाही. त्या दोघी असल्या की मी कक्ष चालवतो. मंडळाचे पत्र मात्र आजच हवे." म्हणजे सारा गुंता दोन ओळींच्या पत्रावर आला होता. मला हायसे वाटले. मी मंडळाला ओळखत असूनही वाटले, हे नमूद करतो.

बैठकीत मी अट मांडली. एकीला कायम रात्र, एकीला कायम दुपार. दोघींनाही तेच हवे आहे. कोणाचे नुकसान नाही. आजच लेखी द्या.

व्यवस्थापकांचा चेहरा पडला. "सर, पण मग फेअरनेसचं काय? एकीलाच कायम रात्र दिली तर तिच्यावर अन्याय होतो."

"तिला तीच हवी आहे."

"तिला वाटतं तिला हवी आहे. तत्त्व म्हणून अन्यायच ना? शिवाय सॉफ्टवेअरमध्ये रोटेशन बंद करता येत नाही. बंद केलं तर तक्ता हातानं काढावा लागेल. मग यंत्र फक्त आलं-गेलं तेवढंच पाहील."

"हजेरीयंत्राचे काम तेवढेच असते," मी म्हणालो.

आता दाते सरळ बसले. "म्हंजे बाबाचं यंत्र निसतं शोभेले ठेवाचं?"

"यंत्र जिथे आहे तिथेच राहील. फक्त पाळ्या माणसे ठरवतील."

"आन लोक काय म्हनतीन? ह्याच्या बापाच्या नावाचं यंत्र बिनकामाचं निघालं म्हनतीन. मी मनापासून देल्लं होतं ते, मनापासून." त्यांचे डोळे खरोखरच पाणावले. पाच पाळण्यांतली बाळे कोठे जातील, या प्रश्नावर हा गृहस्थ सकाळपासून विचलित झाला नव्हता.

अध्यक्ष हा एकमताने निवडून येणारा माणूस आहे. एकमताने निवडून येण्याची युक्ती अशी की कोणत्याही दिवशी कोणालाच दुखवायचे नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले. "हे पाहा. साहेबांचं म्हननं रास्त हाय. याईचंबी रास्त हाय. पाळ्याचा विषय मोठा हाय, घाईत नाई घेता येत. पुढच्या बैठकीत घेऊ, गणपती झाले का. आज काय कराचं? तं दोघीले थांबवाचं. कसं? मानानं. आजच दोघीचा सत्कार करू! शाल-नारळ, चार शब्द. चार लोकाईसमोर शाल घेतली का दुसऱ्या दिवशी सोडून जाची लाज वाटते मानसाले."

दात्यांनी ताबडतोब अनुमोदन दिले. व्यवस्थापकांनी 'मोटिव्हेशन' हा शब्द उच्चारून कागदावर लिहून घेतला. मी म्हणालो, "त्यांनी शाल मागितलेली नाही, पाळी मागितली आहे." अध्यक्ष म्हणाले, "तुमी बी शालीचे मानकरी आहा, साहेब. जनरेटरचं आमी विसरलो नाई." माझा विरोध इतिवृत्तात नोंदवला गेला नाही, कारण इतिवृत्त व्यवस्थापक लिहीत होते आणि ते तोवर शाली आणायला गेले होते.

आमच्याकडे कोणताही प्रश्न सोडवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, तो सोडवणे. दुसरा, त्याचा सत्कार करणे. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या संस्थेत कपाटभर शाली शिल्लक असतात आणि माणसे शिल्लक नसतात.

मी पुन्हा खाली गेलो आणि दोघींना निर्णय सांगितला. अकोल्याची तोवर पाळीवर आली होती. फुलवालीची पाळी संपली होती, पण ती घरी गेली नव्हती. कक्षात शिकायला आलेली नवी मुलगी एकटी घाबरते म्हणून थांबली होती.

"गणपतीनंतर?" अकोल्याची म्हणाली. "तवरिक बाळं थांबतीन काय जल्माले याची?"

फुलवाली म्हणाली, "नारळ घरी हायेत माह्या. फुलंबी हायेत. त्याईले सांगा, हार पाहिजे असन तं मी पाठवतो. यंत्राच्या डोयावर गेला तो हार माह्याच मळ्यातला होता, काकाजी. पाहा कसा काम करून गेला!"

दोघी हसल्या. मी हसलो नाही. पण थांबलो.

समारंभ चार वाजता तळमजल्याच्या सभागृहात झाला. प्रथम दात्यांच्या वडिलांच्या छायाचित्रापुढे दीप लावला. नंतर अध्यक्षांचा सत्कार व्यवस्थापकांनी केला. दात्यांचा अध्यक्षांनी केला. व्यवस्थापकांचा दात्यांनी केला. माझे नाव पुकारले, तेव्हा मी जागेवरूनच हात जोडले आणि शाल दुसऱ्याला द्यावी असे सुचवले; ती छायाचित्राच्या चौकटीला घातली. त्यानंतर ज्या दोघींसाठी हे सारे होते त्यांची पाळी आली. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. अकोल्याचीचे डोळे उघडे होते, पण ती पाहत नव्हती. छायाचित्रकाराचा पहिला प्रयत्न फसला म्हणून शाल दोनदा घालण्यात आली. सभागृहात टाळ्या वाजवण्यासाठी सफाई कर्मचारी, लेखनिक आणि औषधालयातील दोन मुले आणली होती. परिचारिका एकही नव्हती. सकाळच्या घरी गेल्या होत्या, रात्रीच्या झोपल्या होत्या, दुपारच्या वॉर्डांत होत्या. फिरत्या पाळ्यांविषयी एवढा स्पष्ट अहवाल कोणत्याही समितीने दिला नसता.

मग अध्यक्ष बोलायला उभे राहिले. बोलताना ते शुद्ध भाषेत शिरतात.

"या दोन माउल्या! दिवस म्हणत नाहीत, रात्र म्हणत नाहीत. त्या चिमुकल्या जीवांना क्षणभरही नजरेआड होऊ देत नाहीत..."

दारात बालरोगतज्ज्ञ उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. "बालकक्षात शिकलेले कोण आहे या क्षणी?"

उत्तर व्यासपीठावर शाली पांघरून उभे होते.

अकोल्याची तोवर निघालीही होती. तिने नारळ खुर्चीवर ठेवला, शाल तशीच खांद्यावर, आणि ती धावली. मागे फुलवाली. मी त्यांच्या मागे माझ्या वेगाने गेलो. कक्षाच्या काचेतून दिसले ते एवढेच: नवी मुलगी सर्वांत लहान बाळापाशी दोन्ही हात अधांतरी धरून उभी होती, आणि वर श्वास मोजणाऱ्या यंत्राचा भोंगा वाजत होता. बाळाचा श्वास थांबला होता. अशा बाळांचा तो मधूनच थांबतो. जवळ कोणी असले की पुन्हा सुरू होतो. अकोल्याचीने बाळाच्या तळपायावर बोटाने टिचक्या मारल्या, हनुवटी जराशी उचलली, पाठ चोळली. बाळाने आधी हात झटकला, मग रडे काढले. भोंगा थांबला. ती नव्या मुलीला म्हणाली, "पाहिलं? घाबराचं नाई. घाबरलं का हात चालत नाई." आणि मग ती स्टुलावर बसली आणि कपाळाला हात लावला.

डॉक्टर माझ्याशेजारी उभे होते. अध्यक्ष, दाते आणि व्यवस्थापक मागाहून आले. तिघांच्याही खांद्यांवर शाली होत्या.

"पत्र आहे?" डॉक्टरांनी विचारले.

अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टरसाहेब, विषय मांडला आपून. तत्त्वतः कोणाचाच विरोध नाई. गणपती झाले का..."

"मग कक्षही गणपती झाल्यावर."

"आसं कसं? इतक्या लवकर?"

"लवकर नाही. महिन्यापूर्वी कळवले होते."

दात्यांनी व्यवस्थापकांना हळूच विचारले, तो आवाज मला ऐकू आला. "मधातल्या वेळात दोघी हॉलमंदी होत्या, ते यंत्रात येते काय?" व्यवस्थापक म्हणाले, "नाही सर. यंत्राच्या मते त्या ड्युटीवरच होत्या." दात्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. वडिलांनी लाज राखली होती.

कक्षात तीन बाळे होती. दोन सुधारली होती. त्यांना आईजवळ नेता आले. तिसरे, ज्याचा श्वास थांबला होता, ते सरकारी रुग्णालयात न्यायचे ठरले. डॉक्टरांनी तिकडे दूरध्वनी करून जागा मिळवली. त्या बाळाचे वडील तिवस्याकडचे. भाजी घेऊन अमरावतीच्या बाजारात येणारे. ते ओट्यावर बसले होते. माझ्या गळ्यात ओळखपत्र नाही म्हणून त्यांनी मलाच विचारले असावे.

"काहून नेऊन राहिले आमच्या पोरीले? आमचं काई चुकलं काय, बाबूजी?"

"तुमचे नाही," मी म्हणालो.

"मंग कोनाचं?"

मी त्यांना रुग्णवाहिकेत पुढे बसायला सांगितले. मंडळाने मला उत्तर देण्याचे अधिकार दिलेले नव्हते.

साडेपाचची गाडी निघून गेली होती. अकोल्याचीने बाळाला कापडात गुंडाळले, टोपी घातली, तोंडावर प्राणवायूची नळी धरली आणि सोबत निघाली. नवी मुलगी जायला धजत नव्हती, आणि फुलवालीला अकोल्याचीने सांगितले, "तू बाकीच्या दोघाईले त्याईच्या मायजवळ सोड. नीट गुंडाळजो." ती दारातून बाहेर पडत असताना व्यवस्थापक मागून म्हणाले, "सिस्टर, एक मिनिट, आउट पंच राहिला! आज शेवटचा दिवस आहे, हिशेबाला अडचण येईल." तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. ती थांबली नाही. फुलवालीने वळून सांगितले, "डोया हाय ना त्याले? पाहून राहिलं असन."

रुग्णवाहिकेचे दार मी लावले. आत ती बाळाकडे पाहत होती. निरोप घेण्याजोगे काही नव्हते, तो घेतला नाही.

अर्ध्या तासाने फुलवालीचा नवरा मोटारसायकल घेऊन आला. ती मला म्हणाली, "काकाजी, आपाले म्या म्हनलं होतं, गणपतीपर्यंत पाहू. आपा म्हने, पाहता पाहता डोयेच जातीन." मग नवऱ्याला म्हणाली, "चला, पहाटे शेवंती तोडाची हाय," आणि गेली.

अध्यक्षांनी जाता जाता मला सांगितले की समारंभ एकंदर चांगला झाला. वर्तमानपत्रात छायाचित्र येईल. दुपारचे घेतले आहे, तेव्हा त्यात दोघी आहेत.

डॉक्टर कक्षाच्या दारात थांबले होते. "तुम्ही वीजवाले," ते म्हणाले. "हे बंद करून द्याल? मला कोणता स्विच आधी, ते माहीत नाही."

मी आत गेलो. पाचही वॉर्मर चालू होते. रिकाम्या पाळण्यांवर ऊब पडत होती. प्रथम एकेकाचा हीटर बंद केला, मग दिवा. पंखे फिरू दिले, कारण तापलेल्या तारेवरची हवा एकदम थांबवायची नसते. पाचव्या पाळण्यात टोपी राहिली होती. ती घडी करून कपाटात ठेवली. तारा निवाल्यावर पंखे थांबवले. स्टॅबिलायझरचा काटा खाली आल्याची खात्री केली. मेन स्विच ओढला, आणि किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली.